वीस अंशांचं पाणी

नवं कीटकनाशक बाजारात येण्याआधी ज्या जिवांवर त्याची परीक्षा होते, त्यांतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे पाणपिसू. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात तिला डॅफ्निया म्हणतात. नावात पिसू असली तरी ती झिंग्या-खेकड्यांच्या कुळातली. दोन फांद्यांसारख्या मिशा मारत गोड्या पाण्यात उड्या घेत पोहते. अंग इतकं पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पाठीकडचं धडधडणारं हृदय दिसतं, आतड्यातलं हिरवं शेवाळ दिसतं, पाठीच्या पोकळीत अंडी असली तर तीही मोजता येतात. वयाचा पहिला दिवसही न भरलेली पिल्लं घ्यायची, वेगवेगळ्या भांड्यांत औषध वाढत्या प्रमाणात घालायचं आणि ४८ तास वाट बघायची. मग भांडं हलकंच हलवायचं. हलवल्यावर १५ सेकंदांत जी पोहायला लागली नाही ती गेली, असं धरतात. निम्मी पिल्लं ज्या प्रमाणाला थांबली, तो आकडा त्या रसायनाच्या कागदांत कायमचा जाऊन बसतो.

ही परीक्षा जगभर एकाच ठरलेल्या रीतीने होते आणि त्या रीतीत पाण्याचं तापमान १८ ते २२ अंशांमध्ये, तेही सगळा वेळ स्थिर ठेवायचं असं लिहिलेलं आहे. गांडुळांवरच्या परीक्षेतही माती २० अंशांच्या आसपासच असते. वर्गात हे शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं शिवार येतं. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर हा बेळगावच्या दक्षिणेचा भाताचा पट्टा. बेळगावचा म्हणून जो वासाचा तांदूळ लोक आवडीने मागतात, तो इथल्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीतला. जुलैत लावणीनंतर रोपं अजून विरळ असतात, वाफ्यात चार बोटं पाणी असतं आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली की दुपारी त्या पाण्यात हात घालवत नाही. मी थर्मामीटर घेऊन बांधावर बसते तेव्हा दुपारी पारा ३६ च्या वर गेलेला असतो, पहाटे तोच २३-२४ वर आलेला असतो. म्हणजे स्थिर तर नाहीच, आणि वीसही नाही.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते एवढंच की विषाचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. तो कोणत्या तापमानाला मोजला, हे त्याच्या शेजारी लिहिल्याशिवाय आमच्या नाल्यातल्या, वाफ्यातल्या, ओढ्यातल्या जिवांसाठी त्याला फारसा अर्थ राहत नाही.

बेळगावला एकेकाळी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवरचं गाव, संध्याकाळी वारं सुटलं की अंगावर शाल घ्यावी लागे, असं आमच्या आधीची पिढी सांगते. आजही इतर गावांच्या मानाने इथली हवा सुखाची आहेच. पण एप्रिल-मेमध्ये पारा ३६-३७ ला टेकतो, आणि माणसाला ३७ म्हणजे नुसता घाम असला तरी उथळ पाण्यातल्या, पाठीचा कणा नसलेल्या जिवाला तो आकडा थेट आतपर्यंत पोचतो. तुमच्या-माझ्या रक्ताचं तापमान आपलं शरीर सांभाळतं. पाणपिसू, चतुराची पाण्यातली अळी, गोगलगाय, जळू, गांडूळ यांना ती सोय नाही. बाहेर जेवढं तेवढंच आत.

आणि आत तापलं की सगळं भराभर चालायला लागतं. १० अंश वाढले की शरीरातल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट वेगाने होतात. हृदय जास्त धडधडतं, भूक वाढते, प्राणवायू जास्त लागतो. नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो, कारण गरम पाण्यात तो विरघळून राहत नाही. २० अंशांना एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३६ ला सातच्या खाली. त्यात आमचं गाव उंचावर, हवेचा दाब कमी, म्हणून आणखी आठेक टक्के वजा. घरखर्च दुप्पट झाला आणि त्याच महिन्यात पगार कापला गेला तर घराची जी गत होते, तीच त्या जिवाची. यात भर म्हणजे उबदार पाण्यात वाढलेले किडे लवकर वयात येतात पण अंगाने लहान राहतात. अंग लहान झालं की वजनाच्या मानाने बाहेरची कातडी जास्त, आणि विष आत शिरायची वाट तीच.

आता यात औषध घाला.

आमच्याकडे ऊस आणि हुमणी हे जोडूनच बोलायचे शब्द आहेत. हुमणीची अळी मुळं कुरतडते, उभा ऊस पिवळा पडतो आणि ओढला तर हातात येतो. तिच्यासाठी आणि वाळवीसाठी वर्षानुवर्षं क्लोरपायरिफॉस जमिनीत सोडलं जातं. हे ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं औषध. मज्जातंतूंच्या सांध्यावर एक निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर असतं, ते हे औषध अडवून ठेवतं. निरोप पुसलाच जात नाही, स्नायू थरथरत राहतात आणि शेवटी थकून थांबतात. पण क्लोरपायरिफॉस जसं बाटलीत असतं तसं फार जहाल नसतं. किड्याच्या शरीरात गेल्यावर तिथलीच विकरं त्याचं रूप बदलतात आणि मग ते खरं विष होतं. शरीर तापलेलं असेल तर हे रूपांतरही वेगाने होतं. श्वासासाठी जास्त पाणी कल्ल्यांवरून फिरवावं लागतं, म्हणून औषधही जास्त आत येतं. विष मोडून बाहेर टाकायची यंत्रणाही वेगाने चालते हे खरं, पण तिला शक्ती लागते, आणि शक्तीचा हिशोब वर सांगितलाच. बहुतेक प्रयोगांत, बहुतेक जिवांमध्ये, या जातीच्या औषधांचं पारडं उष्णतेच्या बाजूनेच झुकतं.

उलट दिशेनेही हीच गोष्ट घडते. औषधाचा थोडासा अंश अंगात असलेला किडा उष्णता कमी सोसतो. त्याला मारायला औषध अपुरं असतं, त्याला मारायला ते ऊनही अपुरं असतं, पण दोन्ही एकत्र आल्यावर तो जगत नाही. प्रयोगशाळेत दोन्ही वेगवेगळे तपासले तर दोन्ही सुरक्षित ठरतात. आमच्या शिवारात ते वेगवेगळे कधीच येत नाहीत.

उष्णता आणि रसायन यांचं हे नातं किती आतलं आहे हे दाखवणारी एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. इटलीतला फेरुचियो रितोसा हा शास्त्रज्ञ केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांच्या, म्हणजे ड्रोसोफिलाच्या, लाळग्रंथींतली गुणसूत्रं बघत होता. चिलटांच्या अळ्या ज्या कपाटात ठेवल्या होत्या त्याचं तापमान कुणीतरी चुकून वाढवलं. मग गुणसूत्रांवर नव्याच ठिकाणी फुगवटे आलेले दिसले. तिथली जनुकं अचानक कामाला लागली होती. १९६२ साली त्याने हे छापलं. पुढे कळलं की ती जनुकं तापामुळे विसकटणाऱ्या प्रथिनांना सावरणारी प्रथिनं तयार करतात. आज सगळी जीवसृष्टी ही प्रथिनं वापरते हे आपल्याला माहीत आहे. पण त्या पहिल्याच लेखात रितोसाने आणखी एक नोंद केली होती. डायनायट्रोफेनॉल हे रसायन दिलं तरी तसेच फुगवटे येतात. म्हणजे पेशी ज्या दाराने उष्णतेला तोंड देते, त्याच दाराने ती विषालाही तोंड देते. नंतर तांबं, कॅडमियम अशा धातूंबद्दलही हेच दिसलं. दोन्हीकडून एकाच वेळी मारा झाला तर पेशीकडे पाठवायला दुसरी माणसं नसतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग थंडीत फवारा, झालं. आमच्याकडे भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा होतो. मसुरीच्या शिवारातली डिसेंबरची सकाळ १४-१५ अंशांची असते, दव इतकं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. घाटे अळीसाठी तेव्हा मारतात ती औषधं बहुधा सायपरमेथ्रिनसारखी, पायरेथ्रॉइड जातीची. आणि ही जात नेमकी उलटी वागते. ती थंडीत जास्त जहाल होते. जुन्या डीडीटीचाही हाच स्वभाव होता. मज्जातंतूंतल्या सोडियमच्या ज्या वाटा ही औषधं उघड्या पाडून ठेवतात, त्या थंडीत आणखी सावकाश मिटतात. शिवाय थंड शरीराला विष मोडायलाही वेळ लागतो. म्हणजे उन्हाळ्यात एका जातीचं औषध जास्त बाधतं, हिवाळ्यात दुसऱ्या जातीचं. वीस अंशांवर काढलेला आकडा दोन्ही ऋतूंत चुकतो, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. म्हणून उत्तर "थंडीत फवारा" असं सोपं नाही. कोणतं औषध, कोणत्या महिन्यात, किती पाण्याजवळ, हे तिन्ही विचारावं लागतं.

माझे काका अजून शेती करतात. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आगं, तू म्हणतीस ते बरोबर असंल, खरं औषध मारल्याबिगार पीक हाताला लागतंय काय? हुमणी काय तुझं थर्मामीटर बघून येती?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. भाताला तुडतुडा लागला की आठवड्यात शिवार जळाल्यासारखं होतं, आणि कर्ज काढून लावणी केलेल्या माणसाला पाणपिसवांची गोष्ट सांगायची म्हणजे जीभ जड होते. तरी मी सांगते, कारण तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि पाण्यावरून पळणारे निवळीसारखे किडे हेही त्याच वाफ्यातले, त्याच औषधाखाली येणारे. ते मेले की पुढच्या तुडतुड्याला अडवणारं कुणी उरत नाही. हे भातावर काम करणाऱ्यांनी आशियाभर पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

सीमाभागातल्या माणसाला निपाणी म्हटलं की तंबाखू आठवतो, आणि १९८१ चं तंबाखूच्या दरासाठीचं आंदोलन. मला त्या तंबाखूची आणखी एक बाजू महत्त्वाची वाटते. तंबाखूच्या पानात निकोटिन असतं ते किड्यांनी पान खाऊ नये म्हणून. जुने शेतकरी तंबाखूचा काढा करून माव्यावर मारत. निकोटिन मज्जातंतूंच्या सांध्यावरच्या एका ठरावीक जागी जाऊन बसतं. तीच जागा धरणारी, पण किड्यांना जास्त आणि आपल्याला कमी झोंबणारी रसायनं पुढे प्रयोगशाळेत घडवली गेली. त्यांतलं पहिलं, इमिडाक्लोप्रिड, १९९१ पासून बाजारात आहे. पाण्यात विरघळतं, मुळातून वर चढतं, झाडाच्या रसात मिसळतं. बियाण्यालाच चोळून येतं, म्हणून फवारलेलं दिसतही नाही. मातीत महिनोन्‌महिने टिकतं. पहिला मोठा पाऊस ते ओढ्यात नेतो.

आणि इथे पाणपिसूने सगळ्यांना चकवलं. या औषधाला ती विलक्षण सोशिक निघाली. ४८ तासांच्या परीक्षेत निम्म्या पिसवा थांबायला लिटरला ८५ मिलिग्रॅम औषध लागलं. आकडा बघून कुणालाही वाटेल, पाण्याला धोका नाही. पण मेफ्लाय नावाच्या नाजूक किड्याची पाण्यातली पिल्लं लिटरला एखाद-दोन मायक्रोग्रॅमवरच बाधतात. हा फरक हजारो पटींचा आहे. या कुळातल्या काही जातींवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत, पाणी जितकं उबदार तितका इमिडाक्लोप्रिडचा परिणाम लवकर दिसला. चुकीचा प्राणी आणि चुकीचं तापमान, दोन्ही एकाच आकड्यात.

याचा शेवट कुठे होतो हे जपानमधल्या शिंजी तलावाने दाखवलं. भातशेतीच्या मधोमध असलेला हा तलाव. १९९३ पासून आजूबाजूच्या शेतांत ही नव्या जातीची औषधं वापरात आली. पाण्यातले बारीक जीव घटले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या एका लहान माशाची वर्षाची पकड सरासरी २४० टनांवरून २२ टनांवर आली. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, युरोपीय संघाने या जातीच्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला होता, तो मधमाश्यांसाठी. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड आजही कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. आपल्याकडे काहीच बंद होत नाही असं मात्र नाही. फोरेट, ज्याला शेतकरी थिमेट म्हणूनच ओळखतात, त्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे.

शिंजीची गोष्ट वाचली तेव्हा मला खानापूरचे खेकडे आठवले. पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन खेकडे धरायला जाणं हा खानापूर तालुक्यातल्या प्रत्येक घराचा ठेवा आहे. तिखट कालवण, सोबत तांदळाची भाकरी. ओढ्यातला, मळ्यातला हा खेकडा समुद्रातल्या खेकड्यासारख्या लाखो बारीक अळ्या पाण्यात सोडून मोकळा होत नाही. मादी थोडीच, मोठी अंडी पोटाखाली सांभाळते आणि त्यातून थेट इवले खेकडेच बाहेर पडतात. तेही काही दिवस आईच्या पोटाखाली राहतात. म्हणून एका ओढ्यातले खेकडे संपले तर शेजारच्या खोऱ्यातून पिल्लं वाहत येऊन ती जागा भरत नाहीत. खेकडे बांधाला बिळं पाडतात, रोपं कापतात, म्हणून शिजवलेल्या भातात औषध कालवून बिळाच्या तोंडाशी गोळ्या ठेवायची पद्धत कोकणापासून इकडे आहे. त्या माणसाचा बांध फुटतो, पाणी जातं, त्याचा राग मला समजतो. पण गोळी ठेवलेल्या बिळातला खेकडा कोल्हा खातो, बगळा खातो, आणि पावसाने उरलेली गोळी ओढ्यात जाते.

घाटाकडच्या पाण्यात अजून काय शिल्लक आहे हे बघायचं तर मार्कंडेय नदीच्या उगमाकडे जायचं. खानापूर तालुक्यात बैलूरजवळ ती उगम पावते. पुढे राकसकोपला अडते, बेळगाव शहर तिचंही पाणी पितं, मग कंग्राळी, काकती असं करत ती गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. वरच्या अंगाला सावलीतल्या दगडाला उलटं केलं की खाली चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं दगडाला घट्ट चिकटलेली असतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना त्यांचे कल्ले पानांसारखे हलत असतात. वाळूचे कण रेशमाने जोडून घर बांधणाऱ्या कॅडिसच्या अळ्या असतात. विद्यार्थी पहिल्यांदा ते घर बघतात तेव्हा त्यांना ते कुणीतरी हाताने केलंय असं वाटतं. माझ्या सगळ्या शिकवण्यात हा एक क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

तीच चाळणी आणि तोच पांढरा ट्रे घेऊन खाली बळ्ळारी नाल्याच्या काठी आलं की चित्र बदलतं. शहराचं सांडपाणी, जलपर्णी, पावसाळ्यात तो फुगून दोन्ही काठांच्या भातात शिरतो आणि पिकं कुजतात, हे बेळगावकरांना नव्याने सांगायला नको. त्याच्या चिखलात दगडाला चिकटणारं कुणी नाही. तिथे लाल अळ्या आहेत. त्या लाल का असतात हा माझा आवडता प्रश्न. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे प्राणवायू जवळजवळ नाही तिथे त्या तग धरतात. चिखलात डोकं खुपसून शेपटी हलवत राहणारे ट्युबिफेक्सचे किडेही लालच. पाणपिसूसुद्धा प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिन वाढवते आणि गुलाबी होते. पाण्यात कोण आहे आणि कोण नाही यावरून पाण्याची प्रत ठरवायची रीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही आहे. किड्यांची कुळं मोजून गुण द्यायचे. त्याला महागडं यंत्र लागत नाही. रसायनांची तपासणी त्या दिवशीच्या पाण्याबद्दल सांगते, किडे मागच्या कित्येक आठवड्यांबद्दल सांगतात. उन्हाळ्यात मध्यरात्री कुणी काय सोडलं ते बाटलीतल्या नमुन्यात सापडत नाही, पण दगडाखाली कुणी उरलं नाही यातून कळतं.

उन्हाळा मी मुद्दाम म्हणते. मार्च-एप्रिलमध्ये नद्यांचं पाणी आटलेलं असतं, म्हणून जे काही येतं ते पातळ होत नाही. बेळगाव जिल्ह्यात वीसहून जास्त साखर कारखाने आहेत, गाळपाचा हंगाम नुकताच संपत आलेला असतो. पाणी तापलेलं असतं, प्राणवायू कमी असतो. ज्या महिन्यात जीव सगळ्यात अशक्त, त्याच महिन्यात पाण्यात सगळ्यात जास्त काही मिसळलेलं.

कायद्याला तापमान कळत नाही असं नाही. सांडपाणी नदीत सोडताना ते नदीच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम असू नये असा आपला नियम आहे. सांडपाण्यात मासे ठेवून ९६ तासांनी ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत, अशीही अट आहे. पण अट माशांची आहे, किड्यांची नाही. आणि एक उदाहरण तर असं आहे की ते मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. पाण्यातली घाण मोजायला बीओडी नावाची चाचणी करतात, म्हणजे घाण कुजताना किती प्राणवायू खाल्ला जातो ते मोजायचं. ती चाचणी इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांडपाण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाच्या काळात रूढ झाली. पाच दिवस हा अवधी तिथल्या नद्यांना समुद्रापर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळावरून घेतला असं सांगतात, आणि पुढे २० अंश हे तापमान पक्कं झालं. आपण ती बरीच वर्षं तशीच वापरली. मग भारतीय मानकात ती बदलून २७ अंशांवर तीन दिवस अशी केली, कारण आपलं पाणी आपल्या तापमानाला कुजतं. म्हणजे इंग्लंडच्या नदीचा आकडा आपल्या नदीला लागू नाही हे आपण मान्य केलं आहे. घाणीसाठी केलं, विषासाठी अजून केलं नाही.

मला हवं आहे ते फार अवघड नाही. आमच्या ओढ्यांतली मेफ्लायची पिल्लं, भाताच्या वाफ्यातले चतुर, खानापूरचा खेकडा, इथली गांडुळं यांच्यावर २७ आणि ३४ अंशांना, आणि दिवस-रात्र वरखाली होणाऱ्या तापमानात परीक्षा व्हाव्यात. हे काम धारवाड-बेळगावच्या पदव्युत्तर वर्गांना जमण्यासारखं आहे. पाण्याची टाकी, हीटर, हवेचा पंप, चाळणी आणि धीर. शोधनिबंधांसाठी दर वर्षी विषय शोधत फिरणारी मुलं आमच्याकडे कमी नाहीत. त्यातून निघालेले आकडे औषधाच्या बाटलीवरच्या माहितीपत्रकात, मराठीत आणि कन्नडमध्ये, महिन्यांच्या नावासकट यावेत. "जून-जुलैत उघड्या पाण्यात टाकू नये" असं वाक्य शेतकऱ्याला कळतं. ईसी-पन्नास, म्हणजे निम्मे जीव ज्या प्रमाणाला थांबतात तो आकडा, कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

तोवर बांधावर करण्यासारखं एक काम आहे, आणि ते मी काकांकडे मागितलं. औषध घातल्यावर वाफ्यातलं पाणी काही दिवस आतच अडवून ठेवायचं, मोरी लगेच उघडायची नाही. औषधाचा बराच भाग तिथेच मातीला धरतो, उन्हाने मोडतो, ओढ्यात कमी जातो. कॅलिफोर्नियातल्या भातशेतीत तणनाशकांसाठी पाणी असं अडवून ठेवणं बंधनकारक केल्यावर नदीतलं प्रमाण खाली आलं होतं. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या वाफ्यात थांबवतो की. खरं वरच्या वाफ्याचं पाणी माझ्याच वाफ्यातनं खाली जातंय. त्याला कोण सांगणार? आन् मोठा पाऊस आला तर बांध ऱ्हाईल काय?"

वरच्या वाफ्याचा मालक गावातलाच आहे, आणि यंदा लावणीआधी त्याच्याकडे जायचं काकांनी कबूल केलं आहे. मोठ्या पावसाचं उत्तर माझ्याकडे नाही. येळ्ळूरच्या बाजूला सगळ्या वाफ्यांचं पाणी एकाच चरीतून नाल्याला जातं, तिथे मधे गवताळ, उथळ खळगा ठेवता आला तर तिथे पाणी रेंगाळेल. ती जागा कुणाच्या नावावर आहे ते बघायचं आहे.